मल्लाचे उतारवय

कुस्तीचा इतिहास बहुधा लढतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या साली, कोणत्या मैदानात, कोणी कोणाला कोणत्या डावावर चीतपट केले, याच्या नोंदी त्यात असतात. आणि मल्लाने लंगोट उतरवून ठेवला की त्याच्यापुरता तो इतिहास संपतो. वास्तविक मल्लाचा उमेदीचा काळ दहा-पंधरा वर्षांचा. त्यानंतर तो तीस-चाळीस वर्षे जगतो. या काळात त्याचा चरितार्थ कशावर चालतो, हा प्रश्न इतिहासकाराला सहसा पडत नाही. तो पडलाच तर एखाद्या वार्ताहराला, आणि तोही मल्ल अंथरुणाला खिळल्यावर. त्यामुळे मल्लाच्या दारिद्र्याची हकिकत नेहमी अपवाद म्हणून सांगितली जाते: अमुक एक थोर मल्ल अखेर हलाखीत गेला, ही दैवगती. अशा हकिकती एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तर मात्र त्यांत दैवापेक्षा व्यवस्थेचा हात अधिक स्पष्ट दिसू लागतो.

या व्यवस्थेचे जुने रूप पाहण्यासाठी बाराव्या शतकापर्यंत मागे जावे लागते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना त्यातील प्राचीन मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित आहे. याच ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. वय, बांधा आणि बळ यांवरून मल्लांची वर्गवारी, त्यांचा व्यायाम, त्यांचे पेच आणि त्यांना राजाने पुरवावयाचा आहार यांचे वर्णन त्यात येते. या प्रकरणाचे नावच अर्थपूर्ण आहे. राजाच्या विनोदांपैकी, म्हणजे मनोरंजनांपैकी, मल्लयुद्ध हा एक विनोद. राजाने मल्लाचे शरीर पोसावे आणि मल्लाने ते राजासमोर झुंजवावे, असा हा करार आहे. या करारात वेतन नाही. मल्लाला मिळते ते अन्न, आणि विजयानंतर बक्षीस. अन्न हा आश्रयाचा भाग आणि बक्षीस हा प्रसन्नतेचा; दोन्ही राजाच्या इच्छेवर अवलंबून, आणि दोन्हींचा संबंध मल्लाच्या चालू बळाशी.

याला एक लक्षणीय अपवाद होता. गुजरातेतील मोढेऱ्याशी नाते सांगणारी ज्येष्ठीमल्लांची ज्ञाती आपली विद्या वंशपरंपरेने जपत आली. ‘मल्लपुराण’ हा संस्कृत ग्रंथ याच ज्ञातीचा. बडोद्यापासून म्हैसूरपर्यंतच्या दरबारांत हे जेठी मल्ल वावरले, आणि म्हैसूरच्या दसऱ्यात वज्रमुष्टीची झुंज त्यांच्याकडेच असे. परंतु सांधे बसविणे, निखळलेले हाड जागेवर आणणे, ही विद्याही या लोकांकडे होती, आणि त्यासाठी त्यांचा लौकिक होता. झुंजण्याचे वय सरले तरी हाताला काम उरेल, अशी ही तरतूद ज्ञातीने स्वतःच केलेली दिसते. ज्याला अशी ज्ञाती नव्हती, जो शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातून केवळ अंगच्या बळावर तालमीत आला, त्याच्यापाशी अशी दुसरी विद्या नव्हती.

मल्लाच्या अर्थकारणाचा गाभा एकाच शब्दात सामावलेला आहे, आणि तो शब्द म्हणजे खुराक. दूध, तूप, बदाम, थंडाई, मांस, अंडी यांवर रोज होणारा खर्च हा सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि तो वर्षानुवर्षे, एकही लढत जिंकण्याआधीपासून, करावा लागतो. व्यापारी भांडवल मालात घालतो, शेतकरी जमिनीत घालतो. मल्ल आणि त्याचे घर आपले सारे भांडवल एका देहात घालतात. माल विकता येतो, जमीन गहाण ठेवता येते. देहात साठवलेली संपत्ती गहाण पडत नाही आणि मुलाच्या नावे होत नाही. तिशी-पस्तिशीनंतर ती आपोआप घटू लागते. इतकेच नव्हे, तर घटतानाही ती खर्च मागते: दुखावलेले गुडघे, खांदे, मणका यांचे औषधपाणी सुरू होते ते नेमके मिळकत थांबल्यावर. मल्ल उधळे असतात, भोळे असतात, म्हणून कफल्लक होतात, असा एक समज रूढ आहे. काही मल्ल तसे असतीलही. परंतु काटकसरी मल्लाचीही गत फारशी निराळी होत नाही, कारण जे साठवायचे ते साठत राहील असे स्थानच त्याच्यापाशी नसते.

राजाश्रयाचे सर्वांत प्रगल्भ रूप महाराष्ट्राने कोल्हापुरात पाहिले. शाहू छत्रपतींनी १९०२ च्या युरोपच्या दौऱ्यात रोमचे प्राचीन रंगमंडळ पाहिले आणि त्या धर्तीवर खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले. ते १९१२ मध्ये सुरू झाले. पंजाबपासूनचे मल्ल या मैदानात उतरले. शाहूंच्या आश्रयाचे वैशिष्ट्य हे की, त्यांनी मल्लांबरोबर तालमींनाही आधार दिला, आणि कुस्ती दरबारातून पेठांत व पेठांतून खेड्यांत पोहोचली. १९२२ मध्ये शाहूंचे निधन झाले, १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तरी कोल्हापूरची कुस्ती टिकली, याचे श्रेय या तालमींच्या मुळांना द्यावे लागते. मात्र कुस्ती टिकणे आणि कुस्तीगीर टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तालमीत दरवर्षी नवी पोरे येतात आणि माती कायम उकरली जाते. संस्था तरुणच राहते; म्हातारा होतो तो मल्ल.

ज्याच्या आयुष्यात राजाश्रयाचा उत्कर्ष आणि अस्त हे दोन्ही पूर्णपणे उमटले, असा मल्ल म्हणजे गुलाम मुहम्मद, अर्थात गामा. त्याचा जन्म अमृतसर परिसरातील मल्लांच्या घराण्यात, १८७८ च्या सुमारास झाला. वडील लहानपणीच गेले. आजोबा आणि मामा यांनी त्याला वाढविले. १८८८ मध्ये जोधपूरच्या दरबारात बैठकांची स्पर्धा झाली, तेव्हा दहा वर्षांचा हा मुलगा शेकडो पहिलवानांमध्ये अखेरपर्यंत टिकलेल्या मोजक्यांत होता. पुढे दतियाच्या राजाने त्याला पदरी ठेवले. १९१० मध्ये गामा आणि त्याचा भाऊ इमामबक्ष लंडनला गेले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पोलंडचा विख्यात मल्ल स्टॅनिस्लाव झ्बिस्को याच्याशी त्याची लढत अडीच तासांहून अधिक चालली आणि अनिर्णित राहिली. पुन्हा ठरलेल्या दिवशी झ्बिस्को मैदानात आलाच नाही. परतंत्र देशाच्या दृष्टीने हा विजय एका व्यक्तीचा नव्हता. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांनी या दोघांची पुन्हा गाठ घालून दिली, तेव्हा पन्नाशीच्या गामाने झ्बिस्कोला एका मिनिटाच्या आत पाठीवर टाकले. वृत्तपत्रांनी आणि लोकमानसाने गामाला त्यानंतर जवळजवळ पुराणपुरुषाच्या पदावर नेऊन बसविले.

पुढच्या वीस वर्षांत हे सारे जग नाहीसे झाले. भूपिंदरसिंग १९३८ मध्ये निवर्तले. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि गामा लाहोरला स्थायिक झाला. १९४८ मध्ये पतियाळा संस्थान विलीन झाले. ज्या दरबारांनी गामाला पोसले होते ते सीमेच्या एका बाजूला राहिले आणि गामा दुसऱ्या बाजूला. आणि पुढे त्या बाजूलाही दरबार उरले नाहीत. उतारवयात आजारपणाने गाठल्यावर त्याच्यावर आपली पदके विकण्याची पाळी आली. पाकिस्तान सरकारने त्याला जमीन आणि निवृत्तिवेतन दिले. भारतातून घनश्यामदास बिर्ला यांनी दोन हजार रुपये पाठविले आणि दरमहा तीनशे रुपये सुरू केले. २३ मे १९६० रोजी लाहोरात त्याचे निधन झाले. या साहाय्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही; दोन शत्रुराष्ट्रे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशांतून एका मल्लासाठी मदत यावी, ही घटना उपखंडाच्या इतिहासात दुर्मिळच. तरीही त्या मदतीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. जगज्जेत्या मल्लालाही म्हातारपणी मिळाले ते दानच. दाता बदलला, राजाच्या जागी सरकार आणि उद्योगपती आला. नाते तेच राहिले.

गामाकडून हरलेल्या झ्बिस्कोची पुढील कथा या संदर्भात उद्बोधक आहे. तो अमेरिकेत स्थायिक झाला, मिसुरी राज्यात शेतावर राहिला, आणि १९५० मध्ये ‘नाईट अँड द सिटी’ या चित्रपटात त्याने एक भूमिका केली. ती भूमिका होती एका वृद्ध मल्लाची. खरी, शास्त्रशुद्ध कुस्ती नाहीशी होऊन तिच्या जागी तमाशा आल्याने व्यथित झालेला हा मल्ल शेवटची झुंज देतो आणि तिच्यातच त्याचा अंत होतो. झ्बिस्को स्वतः १९६७ पर्यंत जगला. पाश्चात्त्य देशांत कुस्ती तिकिटाच्या पेठेत फार आधी गेली होती, आणि त्या पेठेने मल्लाला एक गोष्ट शिकविली होती: पैसा कमवायचा तो करार करून, आणि मोजून. हिंदुस्थानी मल्लाला कराराऐवजी मान मिळत होता. पेठेने कुस्तीचे सत्त्व नेले, हे खरेच. पण दरबारी मानाने मल्लाच्या हाती म्हातारपणासाठी काही ठेवले नाही, हेही तितकेच खरे.

राजाश्रय कोसळण्याच्या या क्षणाचे सर्वांत मर्मभेदी चित्रण हिंदी साहित्यात झाले आहे, आणि तेही संस्थाने विलीन होण्याच्या आधी. फणीश्वरनाथ रेणू यांची ‘पहलवान की ढोलक’ ही कथा १९४४ ची. लुट्टन नावाचा अनाथ, अडाणी तरुण जत्रेतल्या दंगलीत एका नामांकित मल्लाला हरवितो आणि राजाचा पहिलवान होतो. पंधरा वर्षे सुखात जातात. वृद्ध राजा मरतो, विलायतेहून परतलेला राजपुत्र कारभार हाती घेतो, दंगलीची जागा घोड्यांच्या शर्यती घेतात. आणि पहिलवान व त्याचे दोन मुलगे यांच्या रोजच्या जेवणाचा खर्च ऐकून नवा धनी त्यांना तत्काळ निरोप देतो. गावी परतलेला लुट्टन साथीच्या रोगात दोन्ही मुलगे गमावतो, रात्रभर ढोलक वाजवीत राहतो आणि एके दिवशी स्वतःही जातो. रेणूंची दृष्टी भावुक नाही. लुट्टनच्या नाशाला कोणी दुष्ट माणूस कारण नाही. राजपुत्राने केवळ हिशेब तपासला. ज्या व्यवस्थेत मल्ल हा धन्याचा छंद असतो, त्या व्यवस्थेत धनी बदलला की मल्ल खर्चाच्या रकान्यात जातो, हे या लेखकाने नेमके ओळखले होते.

प्रजासत्ताकात हे चित्र पालटायला हवे होते. ते किती पालटले याची कसोटी म्हणजे खाशाबा जाधव यांचे आयुष्य. कराडजवळील गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी मात्र संस्थान उरले नव्हते. लोकांकडून वर्गणी जमली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते, आणि पुढचे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. परतल्यावर कऱ्हाडकरांनी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत लढले, आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडले.

खाशाबा अडाणी नव्हते, उधळे नव्हते, आणि पुढे नोकरीविना राहिले असेही नाही. १९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले आणि साहाय्यक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. तरी निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, २००० सालासाठी मिळाला. २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या आखाड्याला त्यांचे नाव देण्यात आले. २०१७ मध्ये त्यांच्या गावी होऊ घातलेल्या कुस्ती प्रबोधिनीचे आश्वासन रेंगाळल्यामुळे कुटुंबीयांनी ते ऑलिंपिक पदक लिलावात काढण्याची तयारी दाखविली. गामाची पदके आणि खाशाबांचे पदक यांत सहा-सात दशकांचे अंतर आहे, आणि दोन्ही प्रसंगांची कारणेही सारखी नाहीत. तरीही मल्लाने जिंकलेला मान रोख पैशात मोडल्याखेरीज त्याचा उपयोग होत नाही, हा अनुभव दोन्हींकडे एकच दिसतो.

याच काळात एका मल्लाने या चक्राबाहेर पडण्याची वाट शोधली. पंजाबचे दारासिंग १९४७ मध्ये सिंगापूरला गेले, तिकिटाच्या कुस्तीत नावारूपाला आले, १९५९ मध्ये कलकत्त्यात राष्ट्रकुल विजेते आणि १९६८ मध्ये मुंबईत लू थेझला हरवून जागतिक विजेते ठरले. परंतु त्यांचे उतारवय सुखाचे केले ते या विजयांनी नव्हे. १९६२ चा ‘किंग काँग’, १९६३ चा ‘फौलाद’ आणि त्यानंतरचे अनेक चित्रपट, पुढे दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेतील हनुमान, यांनी त्यांच्या देहाचे रूपांतर प्रतिमेत केले. देह थकतो, प्रतिमा पुनःपुन्हा दाखविता येते आणि दर वेळी विकता येते. हा मार्ग अर्थातच एखाद्यालाच सापडतो. तालमीत घाम गाळणाऱ्या हजारो मल्लांना तो उपलब्ध नसतो, आणि म्हणून दारासिंगांचे यश हे मल्लांच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

या हजारोंचा आधार म्हणजे लोकाश्रय, आणि महाराष्ट्रात लोकाश्रयाचे नाव जत्रा. सुगीनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात. ग्रामदैवताच्या उत्सवाची वर्गणी गोळा होते आणि तिच्यातून कुस्त्यांचे मैदान भरते. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात, आणि चढत्या क्रमाने अखेरची कुस्ती मोठ्या इनामाची असते. जिंकलेला मल्ल फेटा बांधून आखाड्याभोवती फिरतो आणि रसिक त्याच्या हातात नोटा ठेवतात. ही प्रथा मोठी हृद्य आहे. कुस्तीला राजाच्या मर्जीतून सोडवून गावाच्या मालकीची केली ती याच प्रथेने. परंतु येथेही मिळते ते इनामच. त्याला वेतनाची निश्चिती नाही, आणि पाऊस सुरू झाला की मैदाने थांबतात. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत साथीमुळे चैत्रातल्या जत्रा भरल्या नाहीत, तेव्हा लोकाश्रयाची ही मर्यादा उघडी पडली. इनामे थांबली, खुराक मात्र थांबविता येईना. अनेक तरुण मल्ल कर्जात गेले, काही दुसऱ्याच्या शेतात मजुरीला लागले. जे वार्धक्यात व्हायचे ते ऐन उमेदीत, एकाच हंगामात घडले.

निवृत्त मल्लाला परंपरेने एकच पद ठेवले आहे, ते वस्तादाचे. त्या पदाला मान अलोट. पण जुन्या संकेतानुसार वस्तादाने शिष्याकडून विद्येचा मोबदला मागायचा नसतो. ज्या समाजात गाणे शिकविणाऱ्या बुवाला बिदागी आणि शाळामास्तराला पगार मिळतो, त्याच समाजात डाव शिकविणाऱ्याने मात्र निरपेक्ष असावे, अशी अपेक्षा आहे. ती उदात्त आहे, आणि तिची किंमत वस्तादाचे घर मोजते.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा किताब सुरू झाला. रेल्वे, पोलिस, सेनादल यांनी मल्लांना नोकऱ्या दिल्या. माजी विजेत्यांना राज्य शासन मासिक मानधन देते आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यात मोठी वाढ जाहीर झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र मानधन मिळते ते प्रामुख्याने किताबाला. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत वर्षाला एकच मल्ल जिंकतो. ज्याला त्याने हरविले, आणि ज्यांना हरवून तो तेथवर आला, त्यांचा खुराक, त्यांचे गुडघे आणि त्यांची वर्षे तितकीच खर्ची पडलेली असतात. शिवाय ‘मानधन’ या शब्दातही जुने नाते शिल्लक आहे. ते मान म्हणून दिलेले धन आहे, श्रमाचा हक्क म्हणून नव्हे.

मल्ल हा कलावंत की श्रमिक, हा प्रश्न आपल्या समाजाने कधी नीट विचारलाच नाही. कलावंत म्हटले तर त्याच्या कलेचा मोबदला ठरायला हवा. श्रमिक म्हटले तर त्याच्या देहाला झालेल्या दुखापतीची भरपाई आणि म्हातारपणाची तरतूद यायला हवी. दोन्ही टाळून त्याला भीमाचा किंवा मारुतीचा अवतार म्हटले की काहीच द्यावे लागत नाही. अवताराला निवृत्तिवेतन नसते. ‘मानसोल्लासा’ने मल्लाला विनोदाच्या प्रकरणात घातले, पण त्याच्या आहाराची जबाबदारी त्याच प्रकरणात राजावर टाकली. त्या राजाच्या जागी आज कुस्तीवर प्रेम करणारा समाज आहे. मैदानात शिट्ट्या आणि फेटे देताना तो हात आखडत नाही; आखाड्याबाहेर पडलेल्या मल्लाच्या पुढच्या तीस वर्षांचा हिशेब मांडण्याचे काम मात्र त्याने अजून पुरते हाती घेतलेले नाही.